कपाशीतला जीन आणि मामाचा प्रश्न

बार्शीटाकळीत माझ्या मामाचं बियाण्यांचं दुकान होतं. चाळिशी ओलांडली आणि चालताना त्याचा तोल जाऊ लागला. बीटी कपाशी नुकतीच आली होती, त्याच सुमाराची ही गोष्ट. त्याच्या चालण्यावरून लोकांना वाटायचं, हा दिवसाढवळ्या घेऊन येतो. मामा चिडायचा नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर फुंकर मारून म्हणायचा, "घे, वास घे. प्यालो असन तं सांग!"

पुढे जीभही जड झाली. आजोबांचंही असंच झालं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलायचं नाही. मी तेव्हा अमरावतीला राजापेठेत ट्यूशन क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. त्यामुळे मामाला अकोल्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. मामेबहीणही सोबत होती.

रक्ताचा अहवाल आल्यावर डॉक्टरांनी समजावलं, की एका जीनमधल्या बिघाडामुळे मामाचा तोल सांभाळणारा लहान मेंदू हळूहळू झिजतोय. हा आजार बापाकडून आलाय, औषध नाही.

मामा अहवालावर वाकला. मग म्हणाला, "साहेब, मी कपाशीचं बियाणं विकतो. त्यात बाहेरचा जीन घालून राहिले. तं माणसात काहून नाही घालता येत?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कपाशीत तो एका पेशीत घालतात आणि त्या पेशीपासून पुढे सगळं झाड होतं. तुम्ही तर आधीच वाढलेले. मेंदूतल्या असंख्य पेशींपर्यंत पोचायचं कसं?"

"मंग पोचवते कोन?"

"विषाणू. त्यातला रोग काढून टाकायचा आणि जीन भरायचा. प्रयोग चालू आहेत. पण तुमच्या आजारात चांगला जीन देऊन भागणार नाही. बिघडलेल्याला गप्प करावं लागेल."

बाहेर पडलो. आम्हा दोघींना रडू येत होतं आणि मामा रिक्षात विचारत होता, "रोग काढलेला विषाणू! कसा काढत असतीन बापा?" मला सगळं सांगता आलं नाही. मग मी वाचू लागले आणि दर सुट्टीत त्याला सांगू लागले. बोलणं कळेनासं झालं तेव्हा तो पाटीवर लिहून विचारायचा.

मामा गेल्यावर वर्षभराने मामेबहिणीने स्वतःची तपासणी केली. तिच्यातही तोच बिघडलेला जीन निघाला. लग्न ठरत होतं. तिने मुलाला आधी सगळं सांगितलं. त्याने विचार करायला वेळ घेतला आणि मग होकार दिला. मूल नको, हे दोघांनी मिळून ठरवलं.

आज तीच दुकान पाहते. अजून तोल शाबूत आहे. मागे आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. अशा आजारांवर परदेशात माणसांवर चाचण्या सुरू झाल्याचं तिने वाचलं होतं.

"एकदा विषाणू टोचला अन् काम नाही झालं, तं दुसऱ्यांदा टोचता येते का?" तिने विचारलं.

"सहसा नाही. शरीर त्याला ओळखून ठेवतं."

"म्हंजे एकच संधी." तिने मान हलवली. "मंग पहिल्याच चाचणीत घुसाची घाई नको. कोन्ता विषाणू कुठवर पोचते, ते आधी सांगा मले."

डॉक्टरांनी कागद ओढला आणि मेंदूचं चित्र काढायला घेतलं. आम्ही दोघींनी खुर्च्या पुढे सरकवल्या.