अक्काचा आळशी क्षय

कुणालाच न सांगितलेलं आधी लिहितो. अक्काला क्षय नव्हता. तो तिच्यामागे मी लावला.

अक्का माझी थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन डोंगरकडा गावी आमच्याकडे परत आली. पुढे तिला आडवं पडलं की खोकल्याची उबळ यायची, आणि खाल्लेलं जसंच्या तसं तोंडात परत यायचं... भाकरीचा तुकडा ओळखू यावा असं. म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची. हिंगोलीच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ती पडद्याआड बसली, बोलायचं मी. "खोकल्याचं सांग, अन् उलटीचंबी सांग बरं," तिनं बजावलं होतं. मी खोकला सांगितला, ताप सांगितला, वाळत चाललेलं अंग सांगितलं. विधवेला उलट्या होतात हे फुटलं तर गाव काय बोलेल, ते मला तिथंच ऐकू येत होतं. डॉक्टरांनी क्षय म्हटलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

"सांगितलंस ना रे?" गाडीत बसताना तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

तिचं ताट वेगळं झालं, खोली गोठ्याशेजारची. माझी लेकरं उंबऱ्याबाहेरून तिच्याशी बोलायची. वर्षं गेली तरी ती जगलीच. "माझा खय लई आळशी हाय," म्हणायची, "काहून थांबून राहिला, त्यालाच इचारा." सगळे हसायचे. मीसुद्धा.

यंदा दम फार लागला तेव्हा हैदराबादला नेलं. तिथे खडूच्या पाण्यासारखं काही पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडत नाही, डॉक्टर उर्दूत समजावत होते. अन्न वरच साचतं, झोपेत श्वासनलिकेत उतरतं, त्यानंच फुप्फुसं नासली. क्षय नाहीच. वेळीच कळतं तर नळी रुंद करता आली असती. अन्न परत येतं हे आधी कुणी सांगितलं नाही का?

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. "मीच शरमले, डाक्टरसाब," ती म्हणाली.

डॉक्टर गेल्यावर मला म्हणाली, "आता सैपाकघरात बसू देतील न्हवं मला?"

"देतील."

ती त्या दवाखान्यातच वारली... घरी आलीच नाही.

दहाव्याला बायको म्हणाली, "वन्संनी लाजेपायी जीव घालवला." मी मान डोलावली. घरात अजून तेच बोललं जातं. हा मजकूर छापून येण्याआधी सगळ्यांना बसवून, लाज अक्काची नव्हती, माझी होती, हे मला तोंडानं सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.