चौगुले सरांची गाळणी

कुणाकडेही चहाला गेले की चौगुले सर आधी गाळणी मागायचे. उजेडाकडे धरून तिची भोकं न्याहाळायचे आणि म्हणायचे, "वहिनी, भोकं जरा मोठी हायती की!" राजारामपुरीतल्या निम्म्या बायकांनी त्यांचा धसका घेतला होता. पुतण्यासाठी मुलगी बघून आले, तर तिचं नावच विसरले; तिच्या घरच्या पिठाच्या चाळणीचं वर्णन मात्र तासभर चाललं.

सरांचं काय चुकलं म्हणा! आमच्या प्रयोगशाळेत ते जेल बनवायचे. जेल म्हणजे दोन काचांमध्ये थिजवलेला पातळ थर. विजेच्या जोरावर त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून प्रथिनं खाली सरकतात. लहान पुढे, मोठी मागे. मग निळा रंग दिला की त्यांचे वेगवेगळे पट्टे दिसतात. मी आमच्याच म्हशीचं दूध अभ्यासाला घेतलं होतं आणि त्यातली दोन प्रथिनं काही केल्या एकमेकांना सोडेनात. पट्टा एकच, जाडजूड. तिकडे राधानगरीहून बाबांचा निरोप आला होता : दिवाळीपर्यंत काहीतरी करून दाखव, नाहीतर शिकणं पुरे, स्थळ आलंय.

सरांनी हट्टानं जेल घट्ट केलं, छिद्रं बारीक व्हावीत म्हणून. इतकं घट्ट, की प्रथिनं दारातच बसली. सर काचेवर टिचकी मारून ओरडले, "आत जावा की! लाजताय काय?"

"सर, माझं लग्न लावून देतील हो!"

"कसं लावत्यात बघतो. गप बस."

दुसऱ्या दिवशी आले ते घरच्या दोन चाळण्या काखेत मारून. सरांच्या बायको, आमच्या काकू, मागं ओरडत होत्या म्हणे. येताच सर म्हणाले, "रवा आन् मैदा एकाच चाळणीनं चाळायचा व्हय? माझं डोस्कं कुठं गेलतं!" मग त्यांनी सलाइनच्या नळीतून आधी दाट मिश्रण सोडलं, नंतर ते हळूहळू पातळ करत नेलं. जेल थिजलं तेव्हा वर छिद्रं मोठी, खाली बारीक होत गेलेली. त्या जेलवर पट्टे दोन उमटले. मी चक्क नाचले.

ती काच मांडीवर घेऊन सर एसटीनं आमच्या घरी आले. "पावणं, ह्ये तुमच्या म्हशीचं दूध."

बाबा बराच वेळ बघत राहिले. "दोन रेघा दिसत्यात. म्हंजे काय?"

"म्हंजे पोरगी शिकतीया."

"मग शिकू दे की," बाबा म्हणाले.

पुढं सर वारले तेव्हा मी काकूंना भेटायला गेले होते. काकूंसाठी चहा मीच गाळत होते. हातातली गाळणी कधी उजेडाकडे धरली, कळलंच नाही.

काकूंनी पदरानं डोळे पुसले. "मोठी हायती न्हवं?"

"होय काकू," मी म्हटलं, "जरा मोठीच आहेत."