नावापुढचं राव

शेजारच्या म्हाताऱ्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आले. आमच्या आप्पांचे वडीलही तिथंच, त्याच युद्धात. दोघांनीही बाप पाहिलेला नाही. या उन्हाळ्यात आप्पा साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत, नॉर्दर्न व्हर्जिनियात आले, आणि ड्राइव्हवेत उभ्या उभ्या, मला दुभाषी करून, दोघांनी हे एकमेकांना सांगितलं. मग शेजारी घरात जाऊन एक फोटो घेऊन आला. हिरवळीवर पांढरा क्रॉस, त्यावर नाव, पलटण, तारीख. अक्षरं उठून दिसावीत म्हणून तिथल्या माणसांनी त्यांत ओली वाळू भरली होती. आप्पांनी फोटो परत द्यायला जरा वेळच लावला.

मी तोंडदेखलं ‘ब्यूटिफुल’ म्हटलं. कुणाच्या बापाच्या थडग्यावर कुणी जळतं का? मी जळले, चांगली जळले.

आप्पांना एवढंच हवं होतं, बाप नेमका कुठं आहे. ऑफिसमधून आले की मी लॅपटॉप उघडायची, युद्धात गेलेल्या हिंदी शिपायांच्या नोंदींत आजोबांचं नाव घालायची. काहीच निघायचं नाही. शेजारी कुंपणावरून विचारायचा, ‘एनी लक?’ बिचारा आपुलकीनं विचारायचा, पण मला त्याच्या लॉनमोवरचा आवाजसुद्धा खुपायला लागला.

‘आप्पा, सर्च करून करून कंटाळले मी.’

‘घालतेस तरी काय नाव?’

मी वाचून दाखवलं. आमच्याकडे आजोबांचं नाव रावाशिवाय कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. आजी तर नावच घ्यायची नाही, नुसतं ‘हे’ म्हणायची. आप्पांना हसू फुटलं.

‘अगं, ते राव आपण लावलं. पलटणीत साध्या शिपायाला कोण राव म्हणतंय? काढ ते.’

काढलं, आणि आजोबा समोर आले. गावाचं स्पेलिंग भयंकर, पण गाव आमचंच. खाली त्यांच्या वडलांचं नाव, तेही बरोबर. मात्र कबर नव्हती. त्यांच्या धर्माप्रमाणे दहन केलं, असं लिहिलं होतं. इटलीतल्या एका स्मारकावर इतरांबरोबर त्यांचं नाव कोरलंय, बस्स.

माझा पुन्हा जळफळाट झाला. शेजाऱ्याला फुलं ठेवायला हक्काची जागा, आणि आम्हाला दगडावरची एक ओळ! ‘इट्स नॉट फेअर, आप्पा. यांच्याकडे बघा, सगळं कसं जपून ठेवलंय.’

आप्पांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते स्क्रीनवरच्या त्याच ओळीवर बोट ठेवून बसले होते.

‘मग अग्नी कुणी दिला?’

‘ते नाही लिहिलेलं.’

‘मी तर तेव्हा पाळण्यात. पण दिला असणार कुणीतरी. अग्नी द्यायच्या आधी त्यानं माझ्या बापाचं तोंडही पाहिलं असणार.’

‘असेल.’

‘काय नशीब काढलं गं त्या माणसानं.’