डबा आत गेला

पोलीस ठाण्यात आपला माणूस आहे का, हे थेट विचारायचं नसतं. विचारलं की 'कोण? कुठला? इथं नाही' असं उत्तर येतं, आणि एकदा नाही म्हटलं की ते नाही शेवटपर्यंत रेटणं हवालदाराला भाग पडतं. म्हणून आमच्या संस्थेत एक रीत होती. काही विचारायचं नाही, जेवणाचा डबा न्यायचा. डबा घेतला तर माणूस आत आहे. परत दिला तर पुढचं ठाणं गाठायचं. ही रीत आमच्या वकीलकाकांनी घालून दिलेली, आणि मला तिचा फार अभिमान. नव्या मुलांना शिकवताना मी ती अशी सांगायचे, जणू मीच शोधून काढली होती. आता आम्ही ती पाळत नाही.

संस्था म्हणजे विट्यात झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. काका कडेगावच्या बाजूचे, छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातले, आणि कधीही आवाज न चढवणारे. मी कोरेगावची, उसाच्या घरातली, सुभेदाराची मुलगी. वडिलांनी पेन्शन आणली, मी त्यांचा आवाज घेतला. 'हा आवाज ठाण्याच्या फाटकाबाहेर ठेवून आत जात जा,' असं काका मला वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. मी हो म्हणते आणि आत गेल्यावर विसरते.

त्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायला गेले तर जिन्यात एक पारधी बाई बसलेली. ओळखीची होती. तिच्या मुलांचे जातीचे दाखले काढताना आदल्या वर्षी आम्ही दोघींनी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. तिचं पाल गावाबाहेर गायरानात. पहाटे पोलिसांची जीप आली आणि तिच्या नवऱ्याला घेऊन गेली.

"कवा नेलं?"

"कोंबडं आरडायच्या आदी. चप्पल बी घालू दिली न्हाई."

"कुठल्या ठाण्याची गाडी?"

"गाडीवर लिवल्यालं व्हतं. मला कुटं वाचता येतंय ताई."

कारण विचारायची गरज नव्हती. तीन दिवसांपूर्वी एका बंद बंगल्यात घरफोडी झाली होती. आमच्या भागात असे बंगले पुष्कळ. मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी कुठल्या कुठल्या शहरांत पांगलेले, घरं उघडतात ती यात्रेला. घर कुणीही फोडो, जीप आधी पारध्यांच्या पालाकडे जाते. इंग्रजांनी या जमातीला जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा कधीच गेला, जीपची सवय गेली नाही.

अटक झाल्यापासून चोवीस तासांत माणसाला कोर्टात उभं करावं लागतं. पण अटक कागदावर दाखवलीच नाही तर हे तास सुरूच होत नाहीत. पहाटे उचललेला माणूस दोन दोन दिवस कुठंच नसतो, आणि जे काही करायचं ते त्या दोन दिवसांत केलं जातं. म्हणून आमचं काम साधं होतं. तो कुठं आहे ते शोधायचं, त्याला कागदावर आणायला लावायचं आणि कोर्टात त्याला स्वतःच्या तोंडानं बोलू द्यायचं.

काका त्या दिवशी सांगलीच्या कोर्टात होते. फोनवर म्हणाले, "भाकरी तिलाच करू दे. आणि डबाही तिनंच द्यायचा. संस्थेचं माणूस दिसलं की ठाणं सावध होतं. शिवाय भाकरी तिच्या हातची असली की त्याला आत कळतं, बाहेर आपलं कुणीतरी आहे. तेवढ्यानं माणूस टिकतो."

ऑफिसात गॅस होता, ज्वारीचं पीठ होतं. तिनं तीन भाकरी थापल्या, जाड, आणि कडेला बोटं उमटलेल्या. वांग्याची भाजी माझ्या डब्यातली. मी तिला बजावून सांगितलं, काही बोलायचं नाही, फक्त नाव सांगून डबा पुढं करायचा.

पहिल्या ठाण्यानं डबा परत दिला. दुसऱ्याचं नाव मी लिहीत नाही. ती आत गेली, मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसले. चहा आला, त्यावर साय धरली, तरी मी कप उचलला नाही. दहा मिनिटांनी ती बाहेर आली. हात रिकामे होते.

"घेतला," ती म्हणाली.

मी खूष झाले. हे लिहिताना लाज वाटते, पण झाले. वहीत वेळ टिपली, अकरा वीस, काकांना कळवलं आणि दुसरा चहा सांगितला. काका म्हणाले, मी अर्ज तयार करून निघतो, तोवर जागा सोडू नका आणि काहीही झालं तरी तू आत जाऊ नकोस.

दोन वाजता एक हवालदार फाटकापर्यंत आला, डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "जा आता घरला. हितं कोन न्हाई."

त्या कोणी नसलेल्यानं अडीच भाकरी खाल्ल्या होत्या. मी हसलेसुद्धा. ती मात्र हसली नाही. उरलेली अर्धी भाकरी तिनं हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि माझ्यापुढं धरली. भाकरीच्या कडेवर दातांच्या खुणा होत्या, एकापुढं एक.

"त्यो असं खात न्हाई," ती म्हणाली. "तुकडा मोडून, कोरड्यासात कुस्करून खातो. ही तोंडानं तोडलीया."

तरीही मला कळेना.

"हात चालत न्हाईत त्येचं," ती म्हणाली, अगदी हळू, जणू मोठ्यानं बोललं तर ते खरं होईल.

मग मी आत गेले. काकांचं बोलणं, रीत, वही, सगळं टपरीवर राहिलं. टेबलावरच्या हवालदारानं मला ओळखलं.

"सुभेदारांची पोरगी ना तुमी? वडलांना वळखतो मी. आवं, तुमच्यासारक्या घरातल्यांनी कशाला ह्यांच्या नादाला लागायचं?"

"त्याचे हात दाखवा," मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडले. "आत्ता, माझ्यासमोर. डबा तुम्ही घेतलाय, भाकरी त्यानं खाल्लीय, नाही म्हणायची सोय राहिलेली नाही."

आतलं एक दार होतं, ते लागलं. हवालदार उठला नाही, रागावला नाही. नुसता खिडकीतून टपरीकडे बघत राहिला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिला तिथं एकटीला सोडून आले आहे.

मी पोहोचेपर्यंत एक महिला कॉन्स्टेबल तिच्यापाशी उभी होती. "चल गं. सायेब बोलवत्यात. चौकशी हाय."

मी मध्ये शिरले. बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, काय विचारायचं ते तिच्या घरी जाऊन विचारा, हे मी पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं. कॉन्स्टेबलनं तिचा एक दंड धरला, दुसरा मी धरला. टपरीवाल्याला अचानक सगळे ग्लास घासायचे आठवले. फाटकात आणखी दोघं येऊन उभे राहिले. मी घाबरले होते, आणि घाबरल्यावर माझा आवाज जातो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिनंच सोडवलं. ती खाली बसली, मातीत, फतकल मारून. "मी येत न्हाई. मारायचं आसंल तर हितं मारा. लोकं बघत्यात."

रस्त्यावर उसाचे दोन ट्रॅक्टर थांबलेले, ड्रायव्हर खरंच बघत होते. कॉन्स्टेबलनं दंड सोडला, फाटकाकडे पाहिलं आणि परत गेली. त्यानंतरचे तीन तास आम्ही तसेच काढले, ती जमिनीवर आणि मी तिच्या शेजारी, नजर फाटकावर. दरवेळी दार वाजलं की तिचा हात माझ्या मनगटावर घट्ट व्हायचा. माझ्या ओरडण्यामुळं हे झालं, एवढंच मी मनाशी घोकत होते. मला वाटत होतं, त्या दिवशीची चूक तेवढीच.

पाच वाजता काका आले, कोर्टात दिलेल्या अर्जाची प्रत घेऊन. शांतपणे आत गेले, शांतपणे बाहेर आले. साडेपाचला अटक दाखवली गेली. कागदावर तो म्हणे दुपारी चार वाजता रस्त्यावर संशयितरीत्या फिरताना मिळून आला होता. खोटं होतं, पण आता तो कुठंतरी होता. त्याला भेटू मात्र कुणालाच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात आणलं तेव्हा दोन्ही हातांवर टॉवेल टाकलेला होता. तो मान खाली घालून उभा राहिला. आम्ही मागच्या बाकावर, आणि मध्ये वकिलांची गर्दी. पोलिसांनी सात दिवसांची कोठडी मागितली, म्हणजे सात दिवस पुन्हा त्याच खोलीत. सगळं एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं आणि तो प्रश्न मॅजिस्ट्रेट प्रत्येकाला विचारतातच.

"पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?"

"न्हाई."

"हातांना काय झालं?"

"पडलो, सायेब."

रागानं माझे कान तापले. पोलिसांवर नाही, त्याच्यावर. आम्ही दीड दिवस जिवाचं रान केलं आणि याला एक वाक्य बोलता येईना. काका उठून वैद्यकीय तपासणीचा अर्ज मांडू लागले. सरकारी वकील म्हणाले, आरोपीच पडलो म्हणतोय, मग तपासायचं काय? क्लार्कची बोटं टाइप करायला लागली.

तेवढ्यात माझ्या शेजारून ती उठली आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. पारध्यांची बोली घरातली, बाहेरच्यांपुढं ते ती बोलत नाहीत. दोन-तीनच शब्द होते. पट्टेवाला 'ए, गप' म्हणत धावला. पण तिचा नवरा वळला होता.

त्यानं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग शेजारच्या पोलिसाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे.

"हिला सोडली?" त्यानं मराठीत विचारलं. कुणाला ते कळलं नाही.

मॅजिस्ट्रेटनी वर पाहिलं. "कोणाला सोडली?"

"माझ्या बायकूला. तिला बी आत ठेवलीया म्हनलं व्हतं. मी बोललो तर तिला बी—" त्यानं खांदे हलवले तसा टॉवेल खाली पडला. त्या हातांचं वर्णन मी करणार नाही. "तक्रार हाय, सायेब," तो म्हणाला.

पोलीस कोठडी मिळाली नाही. मॅजिस्ट्रेटनी जबाब स्वतः लिहून घेतला आणि त्याला तिथूनच सरकारी दवाखान्यात पाठवलं. बाहेर व्हरांड्यात काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मी तिला मिठी मारली. ती अवघडून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. दाराशी पोलीस खुर्ची टाकून बसला होता. आत त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, आणि ती खाटेवर बसून त्याला भाकरी भरवत होती. मी जिंकून आल्यासारखी स्टूल ओढून बसले. मला एक गोष्ट विचारायची होती. त्याला आत ठेवलं होतं, त्यानं तिला पाहिलं नव्हतं, तिचा आवाज ऐकला नव्हता. मग नुसत्या पोलिसांच्या शब्दावर त्याचा विश्वास कसा बसला?

"नुसत्या शब्दावर न्हाई," तो म्हणाला. "तवर मी बोलत व्हतो. चोरी मी न्हाई केली म्हनत व्हतो. कोर्टात सांगतो म्हनत व्हतो. मग हवालदारानं डबा आनला. झाकान काडून म्होरं ठिवला. म्हनला, बग, तुझी बायकू बी आनलीया, शेजारच्या खोलीत हाय. वळख भाकरी कुनाची हाय ती." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "वळखली मी."

तिच्या हातातल्या भाकरीच्या कडेलाही बोटं उमटलेली होती, ती मी बघत राहिले.

"ठान्यात जायला ह्या बाया भ्यात्यात. तितं कशी आली, त्येच मला कळंना." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमी धाडली व्हती व्हय तिला?"

"गप," ती म्हणाली. "तोंड उघड."

त्यानं तोंड उघडलं, घास घेतला. चावत राहिला आणि माझ्या उत्तराची वाट बघत राहिला.