दुपट्टा बोलत नाही

मूर्तिजापूरला गाडी फार थांबत नाही. तेवढ्यात बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, खिडकीच्या गजांतून आत लोटला आणि हात जाईल तिथवर बाकावर पसरला. आतून कुणीतरी ओरडलं, "कोनाचा हाये हा दुपट्टा?" बाबा प्लॅटफॉर्मवरून दुप्पट ओरडले, "माह्या पोरीचा!" मी ट्रंक घेऊन जनरल डब्यात घुसले आणि त्या दुपट्ट्यावर जाऊन बसले. आई खिडकीशी आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "जागची उठू नोको बाई. उठली का गेली."

ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं होतं. आमच्या बौद्धपुऱ्यातून एकटी निघालेली मी पहिलीच पोर. बाबा गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे होते, आणि ते उभे होते तोवर बाकावरची जागा माझी होती. गाडी हलली, बाबा मागे पडले. त्यांच्याबरोबर माझी जागाही मागे पडली, हे मला भुसावळला कळलं.

समोर लग्नाहून परतणारं भरलं कुटुंब. त्यातल्या एका बाईनं विचारलं, "संगं कोन हाये तुह्या?"

"कोनी नाही."

"मंग सरक नं जराशी. एकटीले कितीक जागा लागते?"

मी सरकले. मग त्यांचं गाठोडं आलं, मी अजून सरकले. मग त्यांचं झोपलेलं लेकरू आलं. भुसावळला घशाला कोरड पडली म्हणून दुपट्टा जागेवर ठेवून नळावर उतरले. परत आले तर दुपट्ट्यावर एक बाप्या मांडी घालून बसलेला. म्हटलं, इथं माझा दुपट्टा होता. तो म्हणाला, "असन. बोल्ला नाही तो काही." सगळा डबा हसला. पुढची रात्र मी संडासाच्या दाराशी ट्रंकेवर बसून काढली. कल्याणला उतरले तेव्हा बाबांचा दुपट्टा मात्र परत आणला होता, त्या बाप्याच्या बुडाखालून ओढून.

गावाकडच्या पोरींनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, सरळ सांगते. ह्या देशात बाकडं माणसाला मिळत नाही, कुटुंबाला मिळतं. एक जण पाण्याला जातो, दुसरा जागा राखतो. एकट्याची जागा कोण राखणार? रिझर्वेशन करा, असं शहाणे लोक म्हणतात. आमच्या स्टेशनाच्या वाट्याला बर्थ येतात किती, आणि ते कुणाला मिळतात, ते त्यांनी एकदा खिडकीवर उभं राहून बघावं. बायकांचा डबा आहे म्हणतात. आहे. त्यात बायकांना पोचवायला आलेले पुरुषच पसरलेले असतात. मग एकटी बाई काय करते? बसून राहते. रात्रभर. तहान लागली तरी, लघवीला लागली तरी. ह्याला प्रवास म्हणत नाहीत, ह्याला शिक्षा म्हणतात.

इथं आल्यावर मी आणि कंपनीतल्या तिघी करावे गावात खोली घेऊन राहिलो. घरमालकीण जनीकाकी. तिच्या दिराची होडी खाडीत जायची, नवऱ्याची भातजमीन मात्र सरकारनं नव्या शहरासाठी घेतली होती. मी एकदा तिला गाडीतली हकीकत सांगितली. ती कोळंबी सोलत होती. म्हणाली, "तू उठलीस तवा तुझी जागा गेली. आमी तं उठलोच नाय गो. बसल्या ठिकानीच गेली." आणि पुन्हा कोळंबीला लागली. त्या दिवसापासून मी गप्प बसणं सोडलं. कामगारांच्या संघटनेत गेले, पत्रकं लिहायला शिकले, सायक्लोस्टाइलच्या शाईनं बोटं काळी करून घेतली. भाषाही बदलली. गावचं "काहून" गेलं, इथलं "टेन्शन" आलं.

संघटनेत पाण्यावर, पगारावर, ओव्हरटाइमवर पत्रकं निघाली. मी एक वेगळं काढलं. मागणी साधी होती: रात्रीच्या लांबच्या गाड्यांत, जनरल डब्यातसुद्धा, एकट्या प्रवाशांचे बाक वेगळे ठेवा, आणि एकट्यांना एकट्यांच्या शेजारी बसवा. एकट्याला गरज मोठ्या जागेची नसते, जागा राखणाऱ्या शेजाऱ्याची असते. आमचे कार्यकर्ते भाऊ हसले. एक जण म्हणाला, "ताई, क्रांती काय जनरल डब्यातून येणार आहे का?" मी म्हटलं, "येईलही. पण एकटी असली तर उभ्यानंच येईल." पत्रक मी माझ्या पगारातून छापलं.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी नेरूळला मी वन रूम किचन भाड्यानं घेतलं. तेव्हा नेरूळला स्टेशन नव्हतं, होणार म्हणून नुसता बोर्ड होता. सोसायटीच्या सेक्रेटरीनं पहिला प्रश्न विचारला, "फॅमिली कुठाय?" तीच ती गाडीतली बाई, फक्त पॅन्ट घातलेली. मी सांगितलं, आई येणार आहे. गावी भावाच्या घरात तिच्या झोपायच्या कोपऱ्यात आता कापसाची पोती होती. इथं तिला स्वतःचा कोपरा होता. तिनं यावं, राहावं, एवढंच मला हवं होतं. पण भावाला शेतातून सुट्टी नाही, मला कंपनीतून नाही. आणि आई आयुष्यात एकटी गाडीत बसली नव्हती.

बसली. कल्याणला घ्यायला गेले. सगळा डबा रिकामा झाला तरी आई उतरेना. आत गेले तर ती खिडकीशी बाबांच्या दुसऱ्या दुपट्ट्यावर बसून होती, मांडीवर फिरकीचा तांब्या. गुडघे धरले होते, उठता येईना. तिचा हात खांद्यावर घेऊन उतरवलं. तांब्या उचलला तर जड लागला.

"आई, पाणी प्यालीच नाहीस?"

"प्याली असती त उठा लागलं असतं."

मी पत्रकं वाटणारी बाई. तहान लागली तरी, लघवीला लागली तरी, असं ठळक अक्षरांत छापून वाटलेलं. आणि माझीच आई ते सगळं भोगून समोर उभी होती, ओठ फुटलेले. प्लॅटफॉर्मच्या बाकड्यावर बसून तिनं तो सगळा तांब्या घटाघटा रिकामा केला.

एसटीनं नेरूळला आणलं. भिंतीशी तिला सतरंजी घालून दिली. जरा वेळानं ती मोरीत गेली तर सतरंजीवर बाबांचा दुपट्टा पसरून ठेवलेला. मला वाटलं, वाळत घातला. दुपारी चहा करायला उठली, पुन्हा दुपट्टा. म्हटलं, "आई, ह्या खोलीत आपण दोघीच. कोण बसणार आहे तिथं?"

"कोनी नाही. पन असू दे."

राहिली तितके दिवस ती जागेवरून उठली की दुपट्टा पसरायची. मी चिडले, हसले, समजावलं. तिचं एकच उत्तर, असू दे. आणि मग म्हणाली, "मी जातो वो आता." थांब म्हटलं तर म्हणे, "आपलं त्या तिकडं हाये." तिकडं काय आहे, कापसाची पोती? तरी मी तिची पिशवी भरून दिली. कल्याणला बाकावर दुपट्टा पसरून तिला बसवलं आणि मी गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभी राहिले. कुणीतरी विचारलंच, "किसका है?" मी सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं ओरडले, "माझ्या आईचा!" आणि गाडी हलली. बाबांना त्या दिवशी काय वाटलं असेल, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

आजही पत्रकातली मागणी कागदावरच आहे. तुम्ही विचारता, आता घर कुठलं, तिकडचं की इकडचं? मला पत्ता सांगता येत नाही. खूण सांगते.

गेल्या महिन्यात आई पुन्हा आली. ह्या वेळी कल्याणला तीच आधी डब्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या बाकावर अकोल्याला एक म्हातारी बसली होती, तीही एकटीच. "ते उठली तं म्या पाह्यलं, म्या उठली तं तिनं," आई म्हणाली. "मनमाडले उतरून तोंडई धुतलं." मी तांब्या हातात घेतला. अर्धा होता.

उरलेला अर्धा तिनं घरी येऊन भिंतीशी बसून प्याला. मग मोरीकडे गेली. सतरंजीवर तिनं काहीच ठेवलं नव्हतं.