बिनकठड्याचा पूल

आमच्या घरी एकच सायकल होती. आप्पा तिच्यावरून गावोगाव भांडी विकायचे. आम्हा पोरींनी तिला हात लावायचा नाही. "ती मोडली तर खायचं काय?" आई विचारायची. पुढे घरातली पहिली पदवीधर मी झाले, मैत्रिणीच्या सायकलवर चालवायला शिकलेही. पण पडायची भीती मला गुडघ्यांसाठी कधी वाटली नाही, सायकलसाठीच वाटली.

व्हिएतनामच्या सहलीत एका खेड्यात सायकलवरून फिरताना ती भीती पुन्हा समोर आली. कालव्यावर दोन हात रुंदीचा पूल, कठडा नाही, खाली काळं पाणी. एक म्हातारी सायकलच्या मागे बदकांची टोपली बांधून त्यावरून आरामात पलीकडे गेली. मी पुलाच्या तोंडाशीच थांबले. भाड्याची सायकल पाण्यात गेली तर?

आमची गाइड लान म्हणाली, "मॅडम, सायकल पडली तर काढू. तुम्ही तेवढ्या पडू नका."

पलीकडून म्हातारी काहीतरी ओरडली. लान हसली. "आजी म्हणतात, पाणी कमरेएवढंच आहे. पण बदकं हसतील."

आधी मी, मग सायकल, असं मला याआधी कुणी सांगितलं नव्हतं. आईलाही कुणी सांगितलं नसेल. मी पायडल मारलं.

पूल मी सायकलवरूनच पार केला.