कोनाड्यातली कपबशी

निजामाच्या अमलात आमच्या बीडला एक फोटो मास्तर होते. गावानं त्यांचं नाव पाडलं होतं ‘एकच’. माणसांचे फोटो ते पोटासाठी काढत. जीव सगळा वस्तूंवर. एक झिजलेली वहाण, एक रिकामी घागर, बस्स. शेजारी दुसरी वस्तू त्यांना खपायचीच नाही. “वहिनी, दोन ठेवल्या की त्या आपसांतच बोलत बसतात. एकटी असली की आपल्याशी बोलती,” मला म्हणायचे.

एकदा एक बडे जमीनदार तलवार, बंदूक, हुक्का असा सगळा सरंजाम घेऊन फोटोला बसले. मास्तरांनी एकेक चीज उचलून बाजूला ठेवली. “सायेब, फोटो तुमचा काढायचा हाय का सामानाचा?” जमीनदार तणतणत निघून गेले. मास्तर आपले हसत कॅमेऱ्यावरचं काळं फडकं झटकत राहिले.

आमच्या ‘ह्यां’चे ते दोस्त. एका सकाळी कॅमेरा आणि त्याची तिपाई घेऊन दारात हजर. “तुमच्या घरातली एक वस्तू पायजे.” मी कसली ऐकते! चिंच लावून समई घासली, पितळी डबे चकाचक करून मांडले. मास्तरांनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. अंगणातल्या कोनाड्यात सटवाजीची कपबशी पालथी असायची, तिच्यापुढं कॅमेरा लावला. सटवाजी आमच्याकडं लाकडं फोडायला यायचा. त्याला शिवायचं नाही, म्हणून त्याची कपबशी बाहेर. मी वरून चहा ओतायची, तो पिऊन, विसळून परत तिथंच ठेवायचा. घरोघर हीच रीत.

“अगं बाई, ती कशाला? थांबा, घासून तरी देते!”

“ऱ्हाऊ द्या. जिथं हाय तिथंच.”

आठ दिवसांनी फोटो चौकटीत बसून आला. काळा कोनाडा, पांढरी कपबशी, बाकी काही नाही. काय देखणा होता म्हणून सांगू! मी हौसेनं विचारलं, “ह्याला नाव काय द्यायचं?”

मास्तर शांतपणे म्हणाले, “तुमचं घर.”

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. “निघा! पुन्हा ह्या उंबऱ्याला पाय लावू नका!” ते निघाले, फोटो तेवढा ठेवून गेले. महिनाभर मी धुसफुसत होते, तोवर त्यांनी बिऱ्हाड जालन्याला हलवलंसुद्धा. फोटो मात्र टाकवेना. जाता-येता दिसायचा, आणि त्यांच्यावरचा राग हळूहळू माझ्यावरच यायला लागला.

एक दिवस मी सटवाजीला ओसरीवर बसवलं आणि घरच्या कपात चहा दिला. तो हात लावेना. कोनाड्याकडं बघत म्हणाला, “माय, माजी कपबशी फुटली का?”

“फुटली,” मी म्हणाले. मग उठले, कोनाड्यातून ती काढली आणि त्याच्यादेखत दगडावर आपटली.

सटवाजी चहा प्याला. एवढं मास्तरांना सांगायचं राहूनच गेलं.